‘मस्त झालंय’ म्हणजे रिव्ह्यू नव्हे

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. दहा ओळींचा कोड बदलला तरी तो दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे जात नाही. त्या कोडचं आयुष्य किती? दोन वर्षं, फार तर पाच. मग कुणीतरी नवीन येतो, आधीच्याला शिव्या घालतो आणि सगळं नव्याने लिहितो.

आता लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक घ्या. एखादं पुस्तक आवडलं की ते रोज रात्री वाचून दाखवावं लागतं, एकही शब्द न गाळता. (घरी तीन वर्षांचं मूल असलेल्या कुणालाही विचारा.) मग ते पुस्तक धाकट्या भावंडाकडे जातं, तिथून मावशीच्या मुलाकडे. वीस वर्षं सहज टिकतं. आणि त्याच्या पानांची मांडणी पास कशी होते? व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते, चार जण बसमध्ये उभ्या उभ्या ती मोबाइलवर सरकवतात आणि उत्तर टाकतात, "मस्त झालंय!" झालं, पुस्तक छापायला.

सगळीकडे असंच चालतं असं माझं म्हणणं नाही. पण गेली काही वर्षं एका ओळखीच्या छोट्या प्रकाशनासाठी मी शनिवार-रविवारी हौसेने मांडणी तपासतो, त्या निमित्ताने इतरही चार ठिकाणचं काम बघायला मिळतं, आणि माझं एक मत आता पक्कं झालंय. मांडणीचा रिव्ह्यू म्हणजे पानं कशी दिसतात ते बघणं नव्हे, ती कशी वाचली जातात ते बघणं. या दोन गोष्टींत फार फरक आहे.

आधी थोडी तांत्रिक बडबड, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. चित्रांची पुस्तकं बहुतेकदा ३२ पानांची का असतात? छापखान्यात मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापतात आणि कागदाला तीन घड्या घालतात. झाली १६ पानं. याला आपल्याकडे एक फॉर्म म्हणतात. असे दोन फॉर्म म्हणजे ३२. पहिलं पान उजवीकडे एकटं, शेवटचं डावीकडे एकटं, आणि मध्ये समोरासमोरच्या पानांच्या १५ जोड्या. त्यातली एखाद-दुसरी जोडी प्रकाशकाच्या माहितीत जाते. उरलेल्यात गोष्ट बसवायची. म्हणजे लेखकाच्या हातात पानं उलटायच्या जेमतेम बारा-चौदा वेळा असतात. "आणि इतक्यात दार वाजलं..." हे उजव्या पानाच्या तळाशी आलं तर मूल श्वास रोखून पान उलटतं. तेच वाक्य डाव्या पानावर आलं आणि दारातला पाहुणा समोरच्याच पानावर दिसला, तर गोष्ट तिथेच संपली. शब्द तेच, चित्र तेच, गंमत गेली.

मोबाइलवर एकेक पान सरकवणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. त्याच्या दृष्टीने डावं-उजवं असं काही नसतंच.

मांडणी हीच गोष्ट असते याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे मॉरिस सेंडाकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', १९६३ सालचं. मॅक्स नावाचा एक द्वाड मुलगा आईवर चिडून मनातल्या जंगलात निघून जातो. सुरुवातीला चित्र लहान आहे, भोवती पांढरा कागद भरपूर. मॅक्सची कल्पना जसजशी मोकाट सुटते तसतसं चित्र मोठं होत जातं, पान भरतं, घडी ओलांडून शेजारच्या पानावर जातं. ऐन धुमाकुळात सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही, नुसती चित्रं. मग तो घरी यायला निघतो आणि शब्द परत येतात. शेवटच्या पानावर तर चित्रच नाही, फक्त शब्द.

आता हे पुस्तक आपल्या एखाद्या मीटिंगमध्ये आलं असतं तर? मी पैज लावतो, पहिली सूचना आली असती, "चित्रांचा आकार सगळीकडे सारखा ठेवा." दुसरी, "तीन पानं मजकूर नाही, जागा वाया चालली आहे." तिसरी, "शेवटच्या पानावर चित्र राहून गेलंय वाटतं." तिन्ही सूचना अगदी समंजस. आणि तिन्हींनी मिळून पुस्तक ठार मारलं असतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'सगळीकडे सारखं' या गोष्टीचं फार वेड. बटणांसाठी ते ठीक आहे, पण गोष्ट सांगताना एखादं पान बाकीच्यांपेक्षा वेगळं असण्याला कारण असू शकतं. तपासणाऱ्याने आधी ते कारण विचारावं, मग पेन उचलावं.

दुसरं उदाहरण एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (१९६९). सुरवंट सोमवारी एक फळ खातो, मंगळवारी दोन, असं करत शुक्रवारी पाच. त्या त्या दिवसाचं पान आधीच्यापेक्षा रुंद होत जातं आणि प्रत्येक फळाला खरोखरचं भोक. मूल त्या भोकात बोट घालतं. या पुस्तकाचा रिव्ह्यू स्क्रीनवर कसा करणार? करताच येत नाही. कापलेल्या कागदाची डमी हातात धरूनच तो होऊ शकतो. माझं तर म्हणणं आहे की भोकं नसलेल्या पुस्तकांचंही तसंच आहे, फक्त ते पटकन लक्षात येत नाही. मधल्या घडीत नेमका नायकाचा चेहरा जातोय का, कडेला काढलेलं मांजराचं शेपूट कटिंगमध्ये उडणार का, मांडीवर पुस्तक धरल्यावर आजीच्या अंगठ्याखाली मजकूर झाकला जातो का, हे कागदावरच कळतं.

मीटिंगमध्ये चर्चा मात्र भलत्याच गोष्टींची होते. पार्किन्सनने १९५७ च्या आपल्या पुस्तकात एक मजेदार समिती रंगवली आहे. ती अणुभट्टीचा ठराव काही मिनिटांत मंजूर करते, कारण त्यातलं कुणालाच काही कळत नसतं, आणि सायकलींच्या शेडवर मात्र हिरिरीने वाद घालते, कारण शेड सगळ्यांनाच कळते. आमच्या ऑफिसात हे रोज घडतं. पुस्तकांच्या मीटिंगमध्ये सायकलची शेड म्हणजे मुखपृष्ठाचा रंग आणि मुलीच्या फ्रॉकवरचे ठिपके. अणुभट्टी म्हणजे पान उलटण्याची जागा. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आणि या सगळ्याची किंमत कोण मोजतं? चित्रकार. "मुलीला जरा डावीकडे सरकवा" ही सूचना कच्च्या रेखाटनाच्या वेळी आली तर पाच मिनिटांचं काम आहे. तीच जलरंगातलं चित्र पूर्ण झाल्यावर आली तर ते चित्र पुन्हा काढायचं. माझ्या पाहण्यात चित्रकाराचं मानधन आधीच ठरलेलं असतं आणि उशिरा सुचलेल्या या शहाणपणाचे वेगळे पैसे कुणी देत नाही. एका चित्रकार मैत्रिणीला मी विचारलं, "अगं, तू सरळ नाही का म्हणत नाहीस?" ती म्हणाली, "म्हणते ना. पुढचं पुस्तक मग दुसऱ्या कुणाला मिळतं." यावर काय बोलणार?

म्हणूनच टप्पे पाडायला हवेत. सगळी ३२ पानं काडेपेटीएवढ्या चौकोनांत एकाच कागदावर काढलेली असतात तेव्हा गोष्टीची गती, पान उलटण्याच्या जागा, चित्र-मजकुराचं प्रमाण यावर मनसोक्त भांडा. मग पूर्ण आकाराची डमी, तेव्हा घडी, समास, अक्षरांचा आकार. रंगीत चित्रं झाल्यावर फक्त शुद्धलेखन आणि छपाईच्या चुका. आधीच्या टप्प्यावर मिटलेला विषय पुन्हा उकरायचा नाही. उकरायचाच असेल तर त्याचे पैसे द्यायचे.

आता आपल्या घरचा मुद्दा. मराठीत येणारी बरीच चित्रपुस्तकं मुळात दुसऱ्या भाषेतली असतात. त्यात वाईट काहीच नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं कितीतरी भाषांत एकाच चित्रांसकट निघाली आणि आपल्यापैकी अनेक जण त्यावरच वाढले. प्रथम बुक्सने २०१५ साली स्टोरीवीव्हर सुरू केलं, तिथल्या गोष्टी कुणीही आपल्या भाषेत नेऊ शकतो. उत्तम काम आहे. पण यातली एक तांत्रिक मेख समजून घ्या. रंगीत छपाईत चार प्लेटा लागतात: निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. एकच पुस्तक अनेक भाषांत एकदम छापायचं असेल तर पहिल्या तीन तशाच ठेवून फक्त काळी प्लेट बदलतात, कारण मजकूर तेवढाच तिच्यावर असतो. पैसे वाचतात. पण जागा ठरलेली असते पहिल्या भाषेच्या मापाने, आणि आपली भाषा नंतर त्या मापात कोंबली जाते.

इंग्रजी अक्षरांना वर रफार नाही की खाली उकार नाही. आपल्याला दोन्ही आहेत, वर वेलांट्या आणि मात्रा वेगळ्याच. इंग्रजीच्या मापाचं ओळींमधलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीतला 'कू' खालच्या ओळीतल्या 'र्कीं'च्या डोक्यावर बसतो. नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथे अडखळतं. मग आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना मराठी वाचायचा कंटाळा! दोन्ही कडा सारख्या करायच्या हट्टापायी अरुंद चौकटीत शब्दांमध्ये भली मोठी भगदाडं पडतात, कारण इंग्रजीसारखे शब्द तोडून पुढच्या ओळीत न्यायची आपल्याकडे रीत नाही. डावी कड सरळ, उजवी मोकळी सोडली की काम भागतं.

अजून एक. शाळेत मूल जो 'ल' आणि 'श' गिरवतं ते मराठी वळणाचे, महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयातही तेच आहेत. पुस्तकात मात्र बऱ्याचदा हिंदी वळणाचे येतात. गंमत म्हणजे कित्येक फॉन्टांत दोन्ही असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की आपली वळणं आपोआप येतात. एका क्लिकचं काम, पण रिव्ह्यूच्या टेबलाशी मराठी वाचणारा माणूसच नसेल तर ते सुचणार कुणाला? तसंच जुन्या फॉन्टातून युनिकोडात येताना डोंगरातल्या 'दऱ्या' कधी कधी समुद्रातला 'दर्या' होऊन बसतात. कोकणातल्या मुलाला एकवेळ चालेल, साताऱ्याच्या मुलाने काय करायचं? :)

मराठीत मुळातून विचार करून केलेली पुस्तकं नाहीत का? आहेत की! माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेलं त्यांचं 'राधाचं घर' हातात घेऊन बघा. मजकूर आणि चित्र एकाच हातातून उतरलं की एकमेकांना धक्के मारत नाहीत, हे लगेच जाणवतं. पण प्रत्येक पुस्तकाला असा एक हात मिळणार नाही. बाकीच्यांसाठी रिव्ह्यूच हवा, आणि मराठी वाचणारा माणूस त्यात पहिल्या टप्प्यापासून हवा.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "अहो, इथे छपाईचाच खर्च निघत नाही, रिव्ह्यूला वेळ आणि पैसा कुठून आणायचा?" हिशोब करू. एका कागदाच्या प्रत्येक बाजूला दोन पानं, म्हणजे एका कागदावर चार. ३२ पानांच्या डमीला आठ कागद. मध्ये घडी, दोन टाचण्या. एका कटिंग चहाच्या आसपास खर्च आणि अर्धा तास. चुकीची आवृत्ती गोदामात पडून राहण्यापेक्षा खूपच स्वस्त.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: चार जणांनी हात घातला की कलेचा बट्ट्याबोळ होतो. कबूल. म्हणून माझा आग्रह आहे की तपासणाऱ्याने अडचण सांगावी, उपाय सांगू नये. "हत्ती लाल करा" हा उपाय झाला. "मला या पानावर हत्ती सापडायला वेळ लागला" ही अडचण झाली. ती कशी सोडवायची ते चित्रकार ठरवेल, तिचं शिक्षण त्यातच झालंय. आणि शेवटचा शब्द एकाच माणसाचा असावा. मतदानाने मांडणी ठरत नाही.

शक्य झालं तर डमी एखाद्या मुलाच्या हातात द्या. "आवडलं का?" असं मात्र विचारू नका, मुलं फार भिडस्त असतात, हो म्हणून मोकळी होतात. नुसतं बघा. पान उलटायला हात कधी पुढे येतो, कुठे मागे जाऊन परत बघतं, कुठे खिडकीबाहेर नजर जाते. यापेक्षा चांगला टेस्टर कुठल्याही कंपनीत मिळणार नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांचा प्रकाशनाशी संबंध नसेल. तरी आज ना उद्या कुणी मित्र, वहिनी, शाळेतल्या बाई एखाद्या पुस्तकाची पीडीएफ पाठवतीलच, "जरा बघून सांग ना." तेव्हा 'मस्त' असं टाइप करायच्या आधी ती छापा, दुमडा आणि मोठ्याने वाचा. जिथे तुम्ही अडखळाल तिथे पेन्सिलने एक फुली करा आणि तेवढंच कळवा. नाहीतर सरळ सांगा की मला वेळ नाही. 'मस्त झालंय' म्हणण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे, कारण मग ती माणसं दुसऱ्या कुणाला तरी विचारतील.