रोज अर्धा किलो

दिवाळीच्या आधी पुण्याहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. स्वारी एकदम खुशीत. फोन हातात धरून त्याने मला अख्खा फ्लॅट फिरवून दाखवला. माळा रिकामा, बाल्कनी रिकामी, कपाटात चक्क हात घालायला जागा! "दादा, सहा शनिवार-रविवार घालवले. घर डिक्लटर केलं. तुमच्या अमेरिकेत करतात ना, अगदी तसं."

मी कौतुक केलं. मग विचारलं, "खिडकीपाशी आईचं शिवणयंत्र होतं, ते कुठे दिसलं नाही?"

"ते गेलं. भंगारवाल्याने किलोवर घेतलं. आठ वर्षं धूळ खात होतं."

तेवढ्यात कॅमेरा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आला. तिथे एक एअर फ्रायर, एक सँडविच टोस्टर, एक रोटीमेकर आणि मी दहा वर्षांपूर्वी इथून नेलेला ज्यूसर खोक्यासकट विराजमान होता. ज्यूसर ११० व्होल्टचा. त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो, तो कधी आणलाच गेला नाही. म्हणजे चाळीस वर्षं राबलेली वस्तू भंगारात आणि एकदाही न चाललेली वस्तू ओट्यावर!

मी काहीतरी कुरकुरलो. भाऊ शांतपणे म्हणाला, "एवढा जीव होता तर घेऊन जायचंस. पुसत मी होतो." बरोबर आहे त्याचं. बारा-तेरा हजार किलोमीटरवर बसून आठवणींचे उमाळे काढायला काय जातं? त्यामुळे यंत्राबद्दल मी भांडणार नाही. माझं भांडण आहे ते "अमेरिकेत करतात तसं" या तीन शब्दांशी. कारण अमेरिकेत काय करतात ते मी पंचवीसहून जास्त वर्षं आतून बघतोय. नुसतं बघतोय कशाला, मीही तेच केलंय.

पुरावा देतो. मी १९९८ साली इथे आलो तेव्हा विमानात ३२ किलोच्या दोन बॅगा नेता येत. वर्षभराने बायको आली, तिच्याही दोन. एकूण १२८ किलो, त्यात प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं आणि गोडा मसाला धरून. २०२३ मध्ये मुलं कॉलेजला गेल्यावर आम्ही न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलायनात लहान घरात गेलो. इथे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवायचं तर बहुतेक वेळा वजनावर पैसे पडतात. ट्रक आधी रिकामा काट्यावर घालतात, मग भरलेला. दोन पावत्यांमधला फरक म्हणजे तुमचा संसार. आमचा फरक आला १०,४०० पौंड, म्हणजे सुमारे ४७०० किलो.

इंजिनिअर माणूस, लगेच हिशोब मांडला. ४७०० वजा १२८, भागिले २५ वर्षं, भागिले ३६५ दिवस. उत्तर आलं बरोबर अर्धा किलो. किराणा, भाजी, दूध सोडून, पंचवीस वर्षं दररोज अर्धा किलो वस्तू आमच्या घरात शिरली आणि बाहेर पडली नाही. बरं, हे सगळं आवराआवर केल्यानंतरचं वजन! निघण्यापूर्वी आम्ही गराज सेल लावून घर 'हलकं' केलं होतं. ब्रेड करायचं ८९ डॉलरचं यंत्र ४ डॉलरला गेलं. ट्रेडमिल कुणी घेईना, तेव्हा 'फुकट' अशी पाटी लावून रस्त्याच्या कडेला ठेवली. शनिवार-रविवार मिळून ३१२ डॉलर जमले. मूळ किंमत बायकोने बेरीज करून सांगितली, ती मी इथे लिहीत नाही.

हे फक्त आमचंच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी २००१ ते २००५ या काळात तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा अभ्यास केला. उत्खननात सापडलेल्या गावातली मडकी मोजावीत तशा त्यांनी नांदत्या घरांतल्या वस्तू मोजल्या. त्यावरचं पुस्तक २०१२ साली आलं. त्यातलं एकच निरीक्षण सांगतो. दर चारातल्या तीन गराजमध्ये गाडी लावायला जागाच नव्हती. वीस-तीस हजार डॉलरची गाडी उन्हापावसात बाहेर आणि आत छताखाली तुटके पाळणे, जुने प्रिंटर आणि ख्रिसमसची खोटी झाडं.

यावर उपाय काय, तर मोठं घर. अमेरिकेत १९७३ साली बांधलेलं नवं घर सरासरी सुमारे १६६० चौरस फुटांचं होतं. २०१५ साली ते २६८७ चौरस फुटांवर गेलं. याच काळात घरातली माणसं मात्र सरासरी तीनावरून अडीचवर आली. म्हणजे जागा वाढली ती माणसांसाठी नाही. तीही पुरेना, म्हणून महिन्याच्या भाड्याने गाळे निघाले. हायवेच्या कडेला नारिंगी किंवा निळ्या शटरांच्या बैठ्या रांगा दिसतात, त्या याच. अख्ख्या देशात अशी पन्नास हजारांहून जास्त ठिकाणं आहेत. मॅक्डोनल्ड्सची दुकानं साडेतेरा हजारांच्या आसपास, म्हणजे कल्पना करा. लोक वर्षानुवर्षं भाडं भरतात, आणि आत काय ठेवलंय ते विचारलं तर डोकं खाजवतात.

या सगळ्यावर कडी म्हणजे डिक्लटरिंग. तुम्हाला वाटतं की लोकांना उपरती झाली, म्हणून ते घर रिकामं करतात. उपरती होतही असेल, पण ती विकायला बाजार तयारच असतो. मारी कोंडो या जपानी बाईंचं आवराआवरीचं पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं आणि तडाखेबंद खपलं. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, तिने मन उजळत असेल तर ठेवायची, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. २०१९ च्या जानेवारीत त्यावर नेटफ्लिक्सवर मालिका आली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाईंच्या कंपनीने वस्तू विकायचं ऑनलाइन दुकान काढलं! त्यात ट्यूनिंग फोर्क आणि स्फटिक असा जोड ७५ डॉलरला होता. आधी म्हणायचं टाका, मग म्हणायचं आता जागा झालीच आहे तर हे घ्या.

बाईंना नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप त्या प्रश्नावर आहे. "ही वस्तू आज मला हवी आहे का?" हा प्रश्न वस्तू घरात आल्यानंतरचा झाला. "ही मी का आणली होती?" असं कुणी विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर लाजिरवाणं असतं. ट्रेडमिल मी का घेतली? पोट कमी करायला नव्हे. व्यायाम सुरू केल्याचं समाधान क्रेडिट कार्डावर मिळत होतं म्हणून. ब्रेडचं यंत्र का घेतलं? शेजाऱ्यांकडे होतं म्हणून. या उत्तरांना तोंड दिलं नाही, तर रिकामं कपाट म्हणजे पुढच्या खरेदीसाठी केलेली सोय. भावाच्या घरात मी तेच पाहिलं. माळा रिकामा होता, पण पलंगाखाली झाकणाचे पारदर्शक डबे रचलेले होते. विचारलं तर म्हणाला, "आवरायला लागतात म्हणून घेतले."

दुसरी एक पळवाट म्हणजे दान. इथे जुने कपडे पिशव्यांत भरून दान केंद्रावर टाकून यायचे, पावती घ्यायची, वाटल्यास करात सवलत घ्यायची. गाडीतून परत येताना कसं अगदी पवित्र वाटतं. पण त्या पिशव्यांतलं निवडक तेवढंच दुकानात लागतं. उरलेल्या कपड्यांच्या गासड्या बांधून त्या जहाजावर चढतात. काही घानामध्ये आक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात जातात. तिथले लोक या कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके धड कपडे जिवंत माणूस कशाला टाकेल, हा त्यामागचा साधा तर्क. आणि काही गासड्या कांडल्याला उतरतात. त्यातले लोकरीचे कपडे कापून, चिंध्या करून पानिपतला जातात, तिथे त्यांचं पुन्हा सूत काढून स्वस्त घोंगड्या विणतात. आमच्या स्वेटरांचं शब्दशः पानिपत होतं म्हणा ना! पण निदान त्यांची घोंगडी तरी होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या आकड्यांनुसार २०१८ साली देशात सुमारे १ कोटी ७० लाख टन कापडाचा कचरा झाला आणि त्यातला १ कोटी १३ लाख टन जमिनीत पुरला गेला. फर्निचरचं तर ८० टक्के पुरलं. 'अमेरिकेत करतात तसं' म्हणजे हे असं.

आपल्याकडे बोहारीण यायची, आठवतं? एकेक कपडा उजेडाकडे धरून बघायची. "ताई, याला काय येतंय, काखेत विरलंय," म्हणून बाजूला टाकायची. एका स्टीलच्या पातेल्यासाठी आई तिच्याशी अर्धा तास घासाघीस करायची. ती नको म्हणाली की कपडा परत घरात यायचा, त्याची पुसणी व्हायची. थोडक्यात, वस्तू घराबाहेर काढायलाही कष्ट पडत, म्हणून आत आणतानाही विचार व्हायचा. कचऱ्याचा डबा घासाघीस करत नाही, तिथेच सगळा घोटाळा आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा बाबा 'गेले ते दिन' सुरू करणार. मुळीच नाही. आमच्या लहानपणी घरात वस्तू कमी होत्या, कारण पैसे कमी होते. त्याला साधी राहणी म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं पुण्य देण्यासारखं आहे. गॅस आला, मिक्सर आला, कपडे धुवायचं यंत्र आलं, तेव्हा आईच्या हातापायांना जो आराम मिळाला तो मी डोळ्यांनी पाहिलाय. पाटा-वरवंट्यासाठी ती एकदाही हळहळली नाही. राबणाऱ्या वस्तूशी माझं वैर नाही. आणि आपली संस्कृती म्हणजे अपरिग्रहाची, हे तर ज्याच्या माळ्यावर सात गाद्या, तीन सुटकेसा आणि लग्नात आलेले अकरा लेमन सेट आहेत त्याने बोलूच नये.

खरी काळजी पुढची आहे. अमेरिकेला इथवर यायला दोन-तीन पिढ्या लागल्या. तुम्ही एका पिढीत पोचताय. बिनव्याजी हप्ता आहे. फोनवर बोट टेकवलं की काही मिनिटांत पोरगा स्कूटरवरून दारात हजर. मागणं आणि मिळणं यांत पूर्वी पगाराची तारीख यायची, लक्ष्मी रोडची गर्दी यायची, घरातल्या मोठ्यांचा "कशाला हवंय?" यायचा. ती सगळी मधली फळी तुम्ही उखडून टाकली. शिवाय गराज नाही, तळघर नाही, साडेसातशे चौरस फुटांत हे सगळं मावायचंय.

आणि एक गोष्ट तर न कळत टाकून देताय. मिक्सर दुरुस्त करणारा, छत्रीची काडी बसवून देणारा, बॅगेची चेन बदलणारा माणूस. इथे तो केव्हाच संपला. तेव्हा लोक आता काय करतात? २००९ साली अॅमस्टरडॅममध्ये 'रिपेअर कॅफे' निघाला, ती कल्पना जगभर पसरली. सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी जमून एकमेकांचे टोस्टर दुरुस्त करून देतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १९७९ पासून सार्वजनिक वाचनालय पुस्तकांसारखी हत्यारं घरी नेऊ देतं. ड्रिल वर्षातून दोनदा लागतं, मग प्रत्येकाने विकत कशाला घ्यायचं? अमेरिकेचं अनुकरणच करायचं असेल तर याचं करा ना! किंवा त्याचीही गरज नाही. कोपऱ्यावरचा मिक्सरवाला दुकान बंद करून जायच्या आत त्याला जरा काम द्या.

आमच्या लहान घरात आम्ही फारसं काही टाकत नाही आता. फक्त फ्रीजवर एक कागद चिकटवलाय. जे घ्यावंसं वाटेल ते तारखेसह लिहायचं आणि तीस दिवस थांबायचं. महिन्याने वाचलं की निम्म्याहून जास्त नोंदींवर आम्हीच हसतो. एक नोंद तर वाचूनही कळेना, ही वस्तू नेमकी कशासाठी हवी होती. साधेपणा वगैरे मोठा शब्द मी वापरणार नाही. दारातून आत येताना वस्तूला थोडं ताटकळत ठेवायचं, एवढंच.

भावाला मी शेवटी इतकंच म्हटलं, "माळा रिकामा केलास, शाब्बास. आता पुढच्या दिवाळीला मला हाच माळा पुन्हा दाखव." तो हसला. "आणि तू येताना काय आणणार आहेस, ते सांग आधी," म्हणाला.

विचार करून ठेवलाय. काहीही आणणार नाही. एक बॅग रिकामी घेऊन येतोय आणि तो ११० व्होल्टचा ज्यूसर परत नेतोय. इथे कुणाकडे तरी निदान चालेल तरी.