पाणमोट फुटली की लघवी? फोनवर ठरवू नका

शुवैखला सरकारी प्रसूती रुग्णालय आहे. तरीही नवव्या महिन्यात कपडे ओले झाले की आपण आधी गावी आईला फोन लावतो. "लघवीच असेल, थांब जरा," असं उत्तर येतं. 2017 मध्ये कुवेतने परदेशी नागरिकांसाठी उपचारांचं शुल्क वाढवलं, त्यामुळे थांबण्याचा मोह आणखीच होतो. माझं मत मात्र ठाम आहे: हे निदान फोनवर होत नाही.

दिवस पूर्ण भरलेल्या सुमारे 8 टक्के गर्भवतींची पाणमोट कळा सुरू होण्याआधीच फुटते. पाणी दर वेळी भळाभळा वाहतं असं नाही, नुसतं पाझरतंही. डॉक्टर स्पेक्युलम लावून गर्भजल साठलंय का ते बघतात. दिसलं, तर बहुधा आणखी चाचणी लागत नाही. शंका उरली तर नायट्राझीन कागद वापरतात. योनीमार्ग आम्लधर्मी असतो, गर्भजलाचा पीएच 7 च्या वर, म्हणून कागद निळा होतो. पण रक्ताने किंवा वीर्यानेही तो निळा होतो! म्हणून काचेवर थेंब वाळवून नेच्याच्या पानासारखे स्फटिक शोधतात, किंवा गर्भजलातली प्रथिने ओळखणारी पट्टी वापरतात.

उशीर झाला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तेव्हा पॅड लावा, वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवा आणि निघा. पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर क्षणभरही थांबू नका. आईला फोन गाडीतून करा.