बिअरमध्ये भोपळा किती, मसाला किती?

दरवर्षी अमेरिकेत 'पंपकिन बिअर'चा हंगाम येतो आणि रील्समधून तो तुमच्या मोबाइलवर येतो. पण त्यात चव नेमकी कशाची असते?

नसरापूरच्या बाजारातून लाल भोपळा आणा, नुसता उकडून खाऊन बघा. गोडसर, पण सौम्य. घारग्यांना मजा येते ती गूळ-जायफळाने. बिअरचंही तेच. अमेरिकी वसाहतींच्या काळात माल्टची चणचण होती म्हणून भोपळा वापरायचे. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात बिल ओवेन्स यांनी ही बिअर पुन्हा बनवली, तेव्हा भोपळ्याची चवच लागेना. मग दालचिनी, जायफळ, लवंग आली. आज अनेक पंपकिन बिअर ओळखल्या जातात त्या मसाल्यावरूनच.

2009 पासून पुण्यात मायक्रोब्रुअरी आहेत, उन्हाळ्यात आंब्याची बिअरही मिळते. उद्या भोपळ्याची आली, तर विचारा: भोपळा कुठला, किती? नाव भोपळ्याचं आणि चव मसाल्याची असेल, तर आपल्या शेतकऱ्याच्या हाती भोपळाच!

आणि हो, राज्यात बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं. तोवर घारगे आहेतच.