पुणे–नाशिक रेल्वे, तुमचा मोबाइल आणि 39 कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका

पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगाव–संगमनेर मार्ग का अडला? कारण आहे खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. रेल्वे मंत्रालयाने 2025 मध्ये हेच कारण देत शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे केला. मग चर्चा सुरू झाली, 'डिश महत्त्वाच्या की माणसं?' मित्रांनो, आधी ही दुर्बीण करते काय ते बघू.

भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे 39 कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक समूह आहे. त्याच्या मध्यभागी एक लंबवर्तुळाकार दीर्घिका आणि तिच्या केंद्रात महाप्रचंड कृष्णविवर. 2016 मध्ये 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीला समूहातल्या तप्त वायूत एक वक्र कड दिसली. कृष्णविवराच्या स्फोटाने पडलेली ही पोकळी असेल का? पण त्यासाठी लागणारी ऊर्जा इतकी अफाट होती, की कुणाला ते पटेना. फेब्रुवारी 2020 मध्ये जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए दुर्बिणीच्या डेटाने उत्तर दिलं: पोकळी खरी आहे आणि ती रेडिओ लहरींनी भरलेली आहे. तिच्यात आपल्यासारख्या 15 आकाशगंगा ओळीने मावतील!

हा स्फोट जुना आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉन्सची ऊर्जा घटत गेली, म्हणून त्यांचा सिग्नल आता फक्त कमी फ्रिक्वेन्सीवरच सापडतो. जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश तिथेच कान लावून असतात. अडचण अशी, की विजेवरच्या रेल्वेत वायर आणि पेंटोग्राफमध्ये उडणाऱ्या ठिणग्यांचा गोंगाटही तिथेच जास्त असतो. मोबाइलचा 900 मेगाहर्ट्झ बँडसुद्धा जीएमआरटीच्याच पट्ट्यात येतो. हा सिग्नल किती नाजूक? तुमचा फोन चंद्रावर ठेवला, तरी तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांत गणला जाईल.

मी जळोचीचा. बारामतीला रेल्वे असल्याने काय फरक पडतो ते आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे जुन्नर-संगमनेरकरांची मागणी मला मुळीच चुकीची वाटत नाही. पण सुमारे 25 किलोमीटरवर पसरलेल्या डिश उचलून दुसरीकडे नेणं सोपं नाही, आणि गोंगाटात बुडालेला सिग्नल नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण परत मिळत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. रेल्वे किती अंतरावरून गेली तर किती गोंगाट होईल, बोगदा किंवा आडोसा केल्यास तो किती घटेल, याचे आकडे सोप्या मराठीत लोकांसमोर ठेवा. नकार द्यायचाच असेल, तर तो आकड्यांनिशी द्या. आणि ज्या गावांची रेल्वे गेली, त्यांना बदल्यात काय मिळणार, तेही त्याच कागदावर लिहा.