बंद मोटारीला किल्ली लावण्याची घाई

पडवीत किंवा झाडाखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी मोटार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्यावरची ताडपत्री बाजूला करून घरातले कोणीतरी हमखास म्हणते, "नुसती उभी तर आहे, बॅटरी बदलली की चालू होईल." 'नुसती उभी आहे' या शब्दांना माझा आक्षेप आहे. उभी असलेली मोटार विश्रांती घेत नसते. हवा, पाणी आणि धातू यांचे काम तिच्या पोटात रात्रंदिवस चालूच असते.

आमच्या काकांची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची. फियाट ११०० या इटालियन गाडीचा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेला हा अवतार. 'पद्मिनी' हे नाव त्याला १९७४ मध्ये मिळाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तो मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकला. काकांनी १९९६ मध्ये गाडी कोकणातील घराच्या पडवीत लावली ती लावलीच. २०१९ च्या दिवाळीत आम्हा भावंडांना उत्साह आला. नवी बॅटरी बसवली, ताजे पेट्रोल भरले. स्टार्टर नुसता 'टक्' करून गप्प झाला. मग सर्वांनी मिळून गाडी उतारावर ढकलली आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. मागची चाके फरफटली, आतून कर्कश आवाज आला. इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमधल्या दोन रिंगांचे तुकडे झालेले होते आणि सिलिंडरच्या भिंतीवर खोल चरे पडले होते. जवळच्या गावचे मिस्त्री एवढेच म्हणाले, "सर, आधी प्लग काढून हाताने फिरवून बघायचं होतंत."

हा हिशेब मला आधी करता आला असता. गाडीचे वस्तुमान सुमारे ९०० किलोग्रॅम. वेग सेकंदाला ३ मीटर धरला तरी गतिज ऊर्जा ४०५० ज्यूल होते. ५० किलोची सिमेंटची गोणी सुमारे आठ मीटर उंच नेण्यास लागणारी ही ऊर्जा. तिच्यातला थोडासाच भाग बीडाच्या एका बारीक रिंगेला मोडायला पुरेसा होता.

पण तिसराच सिलिंडर का? चार सिलिंडरचे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले, तरी त्यातील एखाद-दुसऱ्या सिलिंडरची झडप थोडीफार उघडी राहते. तेथून बाहेरची हवा आत शिरते. पावसाळ्यात ही हवा दमट आणि कोकणात वर खारटही. इंजिनचा जड ठोकळा रात्री थंड होतो आणि सकाळी हवेइतक्या लवकर तापत नाही. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम येतो, तसेच दव या थंड धातूवर जमते. सिलिंडरवरचे तेल तर केव्हाच खाली ओघळलेले असते. अशी दवाची किती प्रभाते तेवीस पावसाळ्यांत येऊन गेली असतील! रिंग आणि भिंत यांच्यामध्ये गंज बसतो आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्यामुळे दोन्ही एकमेकांत घट्ट आवळले जातात. (पाठ्यपुस्तकात ज्याला दट्ट्या म्हणतात त्याला गॅरेजमध्ये पिस्टन म्हणतात, जाम मात्र दोन्ही सारखेच होतात.) गाडीवर घट्ट बांधलेली ताडपत्री ओल आत कोंडते, म्हणून ती उपकारापेक्षा अपकारच अधिक करते.

मिस्त्रींची रीत अशी : चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडे पातळ तेल सोडायचे आणि काही दिवस वाट पाहायची. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हलकेच मागे-पुढे करायचे. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर १०० न्यूटन बल लावले तर आघूर्ण ३० न्यूटन-मीटर होते. अडले की ते हाताला कळते आणि हात थांबतो. ढकललेल्या गाडीला थांबता येत नाही. इंजिन मोकळे झाल्यावरही, बेअरिंगांपर्यंत तेल पोहोचेपर्यंत प्लगशिवायच ते फिरवायचे.

पेट्रोलच्या टाकीत तळाशी वार्निशासारखा चिकट राळ उरला होता. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्यांचे ऑक्सिडीकरण होते. ब्रेकचे तेल हवेतली वाफ शोषते. डॉट-३ प्रकारचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. शिवाय ते पाणी आतून नळ्या खाते. म्हणून गाडी चालण्याआधी ती थांबेल याची खात्री करावी. टायरांची नक्षी शाबूत दिसते, पण ओझोनमुळे रबराला भेगा पडलेल्या असतात. ते टायर फेकावेतच.

मला सर्वांत आवडला तो पॉइंटांचा भाग. बॅटरीचे १२ व्होल्ट, कॉइलमधून वाहणारा प्रवाह, पॉइंट उघडताच कोसळणारे चुंबकीय क्षेत्र आणि दुसऱ्या वेटोळ्यात निर्माण होणारे हजारो व्होल्ट : फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले प्रवर्तन येथे डोळ्यांना दिसते. पॉइंटांवर ऑक्साइडचा थर बसून प्रवाह निम्मा झाला तर कॉइलमधली ऊर्जा एक चतुर्थांश होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. बारीक पॉलिश कागदाने दोन मिनिटे घासले आणि निळी ठिणगी कडाडली. माझ्या पुतणीने वर्गात घोकलेला नियम तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे की गावात अशी एखादी गाडी उघडली जात असेल, तर आठवी-नववीची मुले तेथे न्यावीत. चालू होण्याच्या दिवशी नव्हे, तर पाना लागण्याच्या दिवशी. चालू होतानाचे चलच्चित्र तर हल्ली कोणीही काढतो. अशी गाडी रोज वापरावी असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्या धुराला गाळणारे काही तिच्यात नाही. आणि सगळे जुने भाग टाकून तिला आरशासारखी चकचकीत करण्याची हौसही मला पटत नाही. कोणता भाग कसा झिजला, हे त्या भागावरच लिहिलेले असते.

आमच्या गाडीचे सिलिंडर बोअर करून घेतले, मोठ्या मापाचे पिस्टन शोधायला आठ महिने गेले. आता ती आवारापुरती चालते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद होते. आमच्या गाडीची पन्नाशी २०२८ मध्ये. त्याआधी मागच्या ब्रेकचे सिलिंडर मिळवायचे आहेत.