नकाशा भरायचा नाही, काढायचा



दुकानातून कोरे नकाशे आणायचे, पुस्तकात बघून नद्या निळ्या आणि डोंगर तपकिरी करायचे, कोपऱ्यात सूची लिहायची, की झाला भूगोल! चौविहार आटोपून जरा टेकावं म्हटलं की तो नकाशा आपल्याच पुढ्यात येतो आणि निम्म्या घरांत आईच तो पुरा करते. मला हे अजिबात पटत नाही. यातून मूल रंगवायला शिकतं, नकाशा नाही.

दहावीच्या पुस्तकात भारताबरोबर ब्राझील आहे. सांगलीची मुलगी ॲमेझॉन बरोबर दाखवेल. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा पाणी आपल्या भागात कुठल्या बाजूने शिरलं आणि पलीकडची गल्ली कोरडी का राहिली, हे तिला विचारून बघा. ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे तिला पाठ असतं. त्या पातळीला आपल्या दारात पाणी येतं का, हे माहीत नसतं.

शाळेने मुलांना गल्लीत न्यावं. पावलांनी अंतर मोजावं, दहा पावलांना वहीत एक सेंटिमीटर, हेच प्रमाण. मग दारोदार विचारावं, रस्त्यावर पाणी किती होतं? गुडघाभर, कंबरभर? आज्यांना सगळं आठवतं! पुराचं पाणी गल्लीभर साधारण एकाच पातळीला असतं, म्हणून जिथे खोल तिथे जमीन सखल. सारख्या खोलीची घरं रेघेने जोडली की झाली समोच्च रेषा.

ही रेषा बटाटा पाण्यात बुडवून शिकवतात. आपल्याकडे बटाटा नसला म्हणून अडत नाही. परातीत ओबडधोबड दगड ठेवा, पेरापेराने पाणी वाढवा आणि दर वेळी पाण्याच्या काठाने पेन्सिल फिरवा. पाणी नंतर कुंड्यांना घाला.

पोर्शन संपत नाही, असं शिक्षक म्हणतात. दोन शनिवारचं काम आहे हो! आणि ‘मुली उन्हात कुठे हिंडणार’ म्हणणाऱ्या आया आपल्यातही आहेत. पूर आला की घरातलं सामान माळ्यावर चढवायला मात्र मुलीच लागतात ना?

जूनच्या पालकसभेत मी विचारणार आहे, पाऊस वाढायच्या आत आमच्या गल्लीचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लागेल का? तुम्हीही आपापल्या शाळेत विचारा.