भांडाराची दिवाळी आणि बाजाराचा सेल

दसऱ्याचे सोने वाटून झाले की वर्तमानपत्रांची पहिली पाने बातम्यांची राहत नाहीत, ती जाहिरातदारांची होतात. 'महाबचत', 'महासेल', 'एकावर एक मोफत' अशा आरोळ्यांनी सकाळचा चहा सुरू होतो. नेमक्या याच दिवसांत एखाद्या जुन्या वसाहतीतील सहकारी ग्राहक भांडाराच्या दाराशी खडूने लिहिलेला एक साधा फळा टांगलेला दिसतो. 'दिवाळी फराळ साहित्याची नोंदणी सुरू. चिरोटे रवा, पातळ पोहे, डाळे, पिठीसाखर, सुके खोबरे. सभासदांनी आपली मागणी आठ दिवस आधी नोंदवावी.' त्याखाली आणखी एक ओळ असते, 'रविवारी सायंकाळी सभासद मेळावा व पाककृती स्पर्धा.' हातात भ्रमणध्वनी घेऊन जाणारा सुशिक्षित तरुण तो फळा वाचतो आणि हसतो. दहा मिनिटांत दारात सामान येत असताना आठ दिवस आधी नोंदणी कोण करणार, असा त्या हसण्याचा अर्थ असतो.

या हसण्यामागे तीन गृहीतके आहेत. मॉलमधील माल स्वस्त असतो, हे पहिले. किराणा दुकानाने किराणा विकावा, मेळावे आणि हळदीकुंकू कशाला, हे दुसरे. आणि सहकार म्हणजे भ्रष्टाचार व गलथानपणा, तो मेला तर रडायचे कशाला, हे तिसरे. ही तिन्ही गृहीतके आज मध्यमवर्गीय घरांत जवळपास सिद्धांत होऊन बसली आहेत. स्वदेशीच्या सभेत टाळ्या वाजवून परतताना मॉलच्या रांगेत उभी राहणारी मंडळीही त्याला अपवाद नाहीत. म्हणून या गृहीतकांची तपासणी रोखठोकपणे होणे आवश्यक आहे.

सवलत कोणाला, किती आणि कशावर?

मॉलमधील सवलत मोजली जाते ती वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीवरून. ही किंमत शासन ठरवीत नाही, ती उत्पादक स्वतः छापतो. कायदा एवढेच सांगतो की त्यापेक्षा अधिक दर घेऊ नये. म्हणजे किंमत छापणारा एक आणि तिच्यावर काट मारून उपकार केल्याचा आव आणणारा दुसरा. आणि दोघांचाही हिशेब आधीच जुळलेला. 'एकावर एक मोफत' मिळणाऱ्या बिस्किटांच्या पुड्यातील दुसरा पुडा मोफत नसतो, पहिल्याच्या किमतीत त्याची किंमत बसवलेली असते.

दुसरी युक्ती याहून जुनी आहे. साखर, तेल यांसारखे दोन-चार पदार्थ, ज्यांचे भाव प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असतात, ते खरेदीच्या भावात किंवा त्याहूनही खाली विकायचे. त्या आमिषाने आलेले कुटुंब ढकलगाडी घेऊन फिरू लागले की उरलेल्या शेकडो वस्तूंवर ती तूट भरून काढायची. साखरेत वीस रुपये वाचवून बाहेर पडलेल्या गृहस्थाच्या पिशवीत यादीत नसलेल्या वस्तू किती, हे त्याने घरी येऊन एकदा तरी मोजावे.

भांडारातील सणाची सवलत याच्या नेमकी उलट मार्गाने येते. तिचा जन्म नोंदणीच्या वहीत होतो. किती कुटुंबांना किती किलो रवा लागणार, हे आठ दिवस आधी कळले की भांडार नेमका तेवढाच माल घाऊक बाजारातून उचलते. माल पडून राहत नाही, त्याला कीड लागत नाही, जाहिरातीवर खर्च होत नाही आणि शिल्लक माल खपविण्यासाठी 'सेल' लावावा लागत नाही. हा वाचलेला खर्च म्हणजेच भांडाराची सवलत. बाजाराचा सेल दुकानदाराच्या गरजेतून निघतो, भांडाराची नोंदणी घराच्या गरजेतून. ज्या फळ्याला तरुण हसतो, तो फळा म्हणजे अर्थशास्त्राचा उत्तम धडा आहे. तो इंग्रजीत लिहिलेला नाही, इतकाच त्याचा दोष.

घराचे पंचांग आणि दुकानाचे कपाट

मराठी घराचा किराणा ऋतूप्रमाणे चालत आला आहे. फाल्गुन-चैत्रात वर्षाचे गहू भरायचे, तूरडाळीला ऊन द्यायचे, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचे प्रमाण ठरवून मसाला कांडायचा, सांगलीची हळद आणायची, पापड-कुरडयांचे वाळवण घालायचे. श्रावणात साबुदाणा, वरी, राजगिरा आणि शिंगाड्याचे पीठ. भाद्रपदात मोदकाची पिठी. आश्विनात फराळाचे साहित्य आणि उटणे. पौषात तीळ आणि चिक्कीचा गूळ. ही यादी आजीच्या डोक्यात असते आणि चांगल्या भांडाराच्या व्यवस्थापकाच्या वहीतही असते. त्याला ठाऊक असते की चिवड्याला पातळ पोहे हवेत आणि कांदेपोह्याला जाड, आणि साध्या गुळाचा पाक तिळाच्या वडीला दगा देतो.

मॉलचे पंचांग निराळे असते. तेथे सण खपासाठी निर्माण केले जातात आणि नसलेले सण आयात केले जातात. २००६मध्ये बिग बाजारने प्रजासत्ताक दिनालाच 'सबसे सस्ते दिन'चे रूप दिले. ज्या दिवशी नागरिकाने ध्वजवंदनाला उभे राहावे, त्या दिवशी तो प्रेशर कुकरसाठी दुकानाच्या दारात रेटारेटी करताना दिसला. ती साखळी पुढे कर्जात बुडाली आणि २०२२मध्ये तिच्या अनेक दुकानांचा ताबा रिलायन्सकडे गेला. स्वस्ताईचे ढोल वाजविणाऱ्यांचाही हिशेब अखेर कोणाला तरी चुकवावा लागतो, हे त्या बंद शटरांनी सांगितले. पण ऐकणाऱ्यांची गर्दी तोवर पुढच्या सेलकडे वळलेली होती.

मेळावा ही चैन नव्हे

आता दुसरे गृहीतक. दुकानाने मेळावे का भरवावेत? इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात १८४४मध्ये २८ जणांनी एकत्र येऊन टोड लेनवर एक लहानसे दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ अशा मोजक्या वस्तू, चोख माप, निर्भेळ माल आणि रोखीचा व्यवहार. वर्षाचा नफा सभासदाच्या खरेदीच्या प्रमाणात त्यालाच परत, आणि भागभांडवल कितीही असो, मत एकच. त्या श्रमिकांनी उत्पन्नाचा काही भाग शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा नियमही केला. जागतिक सहकार चळवळीने १९९५मध्ये आपल्या सात तत्त्वांची फेरमांडणी केली, तेव्हा सभासदांचे शिक्षण हे पाचवे आणि समाजाविषयीची आस्था हे सातवे तत्त्व ठरले. म्हणजे मेळावा ही भांडाराने धंद्याला लावलेली झालर नाही, तो त्याच्या घटनेचाच भाग आहे.

आपल्याकडे तर हे शिकविण्यास रॉचडेलची वाट पाहण्याची गरज नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या स्त्रिया वाण घेता घेता तिळाच्या भावाची आणि गुळाच्या प्रतीची जी चर्चा करतात, ती कोणत्याही बाजार सर्वेक्षणाहून खरी असते. पाककृती स्पर्धेत भाग घेणारी गृहिणी भांडाराच्या भाजणीतील दोष परीक्षकांसमोर सांगते आणि पुढच्या महिन्यात तो दोष दूर होतो. हळदीत मेटॅनिल यलोसारखा रंग आहे का, बेसनात लाखेची डाळ दळली आहे का, खवा निर्भेळ आहे का, याची शंका ऐन दिवाळीत प्रत्येक घराला असते. मॉलमध्ये ती शंका कोणाला विचारायची? बिल करणाऱ्या मुलाला? भांडारात ती विचारता येते, कारण खरेदी करणारा समितीचे सदस्य कोण हे जाणतो आणि ते सदस्यही तोच खवा घरी नेणार असतात.

याच मेळाव्याच्या कडेला बचत गटांच्या स्त्रिया आपले पापड-सांडगे घेऊन बसतात. १९५९मध्ये गिरगावात ७ स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला प्रारंभ केला आणि त्यातून 'लिज्जत' उभी राहिली, हे सर्वांना पाठ असते. पण असल्या पहिल्या ७ स्त्रियांचा पापड विकत कोण घेतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मॉलच्या फळीवर जागा मिळविण्याचे पैसे मोजावे लागतात. भांडाराच्या मेळाव्यात एक टेबल पुरते.

खरा आरोपी कोण?

तिसरे गृहीतक सर्वांत गंभीर आहे, कारण ते पूर्णपणे खोटे नाही. ग्राहक सहकाराची पडझड झाली आहे आणि तिचे सारे खापर परकीय भांडवलावर फोडणे हा आत्मवंचनेचा प्रकार ठरेल. दिल्लीचा सुपर बाजार १९६६मध्ये सरकारी उत्साहाने उघडला आणि २००२मध्ये त्याला टाळे लागले. सरकारने जन्माला घातलेला आणि सरकारी नोकरांनी चालविलेला तो सहकार होता. त्याच्या मरणाने फार तर सरकारीकरण दोषी ठरते. अन्यत्र भांडारे पक्षांच्या सोयीची ठिकाणे झाली. संचालकपद हे नगरसेवकपदाच्या पायरीचे साधन बनले. सभासद मेळाव्यात फराळापेक्षा सत्कारच अधिक झाले आणि पुढाऱ्याची भाषणे ऐकून स्त्रिया घरी परतल्या. असल्या मेळाव्यांची बाजू कोणीही घेऊ नये.

याउलट जे लोकांतून उभे राहिले, ते टिकले आणि वाढले. १९४८मध्ये मुंबईच्या नायगावात कामगारांनी 'अपना बाजार'चा पाया घातला. त्या मंडळींची समाजवादी विचारसरणी अनेकांना मान्य नसेल. पण गिरणी कामगाराच्या घरात चोख मापाचे धान्य गेले, याचे श्रेय त्यांना न देणे हा कृतघ्नपणा होईल. पुढे १९९९मध्ये राधाकिशन दमाणी यांनी नेरूळला याच 'अपना बाजार'ची फ्रँचायझी घेऊन किराणा व्यवसायाचे पहिले धडे गिरविले आणि २००२मध्ये पवईत 'डी मार्ट' उघडले. सहकाराच्या शाळेत शिकलेला विद्यार्थी देशभर गेला. त्याचे कौतुक अवश्य करावे. पण शाळा मागे का पडली, हा प्रश्न शाळेच्या मालकांना, म्हणजे सभासदांना विचारला पाहिजे.

सभासद काय करतात? वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. नोटीस घरी येते आणि रद्दीत जाते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने मूठभर लोकांत पुन्हा भरते आणि ताळेबंद मंजूर होतो. वर्षातून तीन तास न देणारा सभासद मग वर्षभर भांडाराच्या नावाने बोटे मोडतो. मालकाने दुकानाकडे पाठ फिरवली तर नोकर चोर निघाला म्हणून कांगावा कशाला?

पर्याय डोळ्यांसमोर आहे

हे सारे भाबडे स्वप्न आहे, असे म्हणणाऱ्यांनी ग्राहक पंचायतीकडे पाहावे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यात ही चळवळ उभी केली आणि १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली; सुधीर फडके यांच्यासारख्या कलावंतानेही या कामाला खांदा दिला. तिच्या वितरण पद्धतीला दुकान लागत नाही. शेजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची मागणी नोंदवतात, ठरल्या दिवशी सामान एका घरी वा सभागृहात उतरते आणि सभासद स्वतः ते वाटून घेतात. पाळीने हिशेब, पाळीने हमाली. प्राध्यापकाने पोते उचलायचे आणि कारकुनाने पावत्या तपासायच्या. त्या दोन तासांत शेजाऱ्यांच्या घरातील सुखदुःखे कळतात, ती दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या मुलाकडून कळणार नाहीत. त्या मुलाचे तर नावही कोणी विचारीत नाही.

सहकार भारतीने १९७८पासून 'बिना संस्कार नहीं सहकार' हा मंत्र सांगितला. केंद्रात जुलै २०२१मध्ये स्वतंत्र सहकार मंत्रालय झाले, २०२५ हे वर्ष जगभर सहकार वर्ष म्हणून पाळले गेले. पण मंत्रालय भांडार वाचवू शकत नाही. ते वाचेल तर चार साध्या गोष्टींनी. दर महिन्याच्या किराण्याचा निदान अर्धा भाग भांडारातून घेणे. सणाची मागणी वेळेत नोंदवणे. वार्षिक सभेला जाऊन ताळेबंदाचे पान उघडून प्रश्न विचारणे. आणि घरातील तरुणाला समितीत पाठवणे. कारण संगणकावर नोंदणी आणि भ्रमणध्वनीवर यादी हे काम त्यालाच उत्तम जमते. जो तरुण फळ्याला हसतो, त्याच्याच हाती खडू द्यावा.

कार्यकर्त्यांनी हे अधिक गांभीर्याने घ्यावे. वस्तीत दहा कुटुंबांनाही एकत्र सामान घ्यायला लावू न शकणाऱ्याने राष्ट्राच्या आर्थिक स्वावलंबनावर भाषण करू नये. भांडार बंद पडले की त्या जागी इमारत उभी राहते, फळा भंगारात जातो आणि हळदीकुंकवाचा दिवस कोणाच्या लक्षातही राहत नाही. मग पुढच्या दिवाळीत भाव ठरविणारा कोण, हे विचारायला दारच उरत नाही. यंदाची नोंदणी दसऱ्यानंतर सुरू होईल. फळा कोठे टांगलेला असतो, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने आजच वस्तीत चौकशी करावी.